दुसऱ्या पोर्टची तार

'दुरुस्ती' हा शब्द मराठीने फार मोकळ्या हाताने वापरला आहे. पिठाच्या गिरणीची दुरुस्ती होते, गळक्या कौलांची होते, मुद्रितांची होते आणि राज्यघटनेचीही होते. मूळ फारसी 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, यथायोग्य. यंत्र आणि मजकूर या दोहोंना एकच शब्द चालावा, हा भाषेचा आळस आहे असे कुणी म्हणेल. आम्हांला तो आळस वाटत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या व्हिडिओ गेमचा मेलेला पोर्ट जिवंत करण्यात आमचे तीन आठवडे गेले. त्याच दिवसांत पाठचिकित्सेवरील काही टिपणे आम्ही वर्गासाठी काढीत होतो. रात्री पीसीबीवर मल्टिमीटरची टोके टेकवायची आणि सकाळी पाठभेदांवर लिहायचे, असा क्रम चालला होता. आणि दोन्ही कामांत आपण एकच प्रश्न विचारीत आहोत, हे ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. प्रश्न असा : चूक नेमकी कुठे शिरली?

हा खेळ साताऱ्याच्या घरात माळ्यावर होता. आईने पुण्यास येण्याचे मान्य केल्यावर ते घर रिकामे करणे आले, आणि माळ्यावरून तांब्याचा बंब, दोन पाट, परीक्षेच्या गाइडांचा गठ्ठा यांच्यासोबत पुठ्ठ्याच्या खोक्यातला हा खेळही खाली उतरला. १९९४ च्या सुट्टीत तो घरात आला होता. त्याला कुणी 'कन्सोल' म्हणत नसे. तो 'व्हिडिओ गेम'; त्यात खोचायची ती 'कॅसेट', मग तिच्यात फीत नसली तरी; आणि हातात धरायचा तो 'रिमोट', मग त्याला शेपटासारखी वायर असली तरी. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे शास्त्र महाराष्ट्रातल्या सगळ्या आळ्यांत कुणी कुणाला न शिकवता पोचले होते.

यंत्राचे कुळ सांगणे आवश्यक आहे. जपानच्या निन्तेंदो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर', म्हणजेच फॅमिकॉम, बाजारात आणला. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो घडला. त्याचेच रूपांतरित भावंड १९८५ पासून अमेरिकेत 'एनईएस' या नावाने विकले गेले. भारतातल्या मध्यमवर्गीय घरांत आला तो बहुतेक वेळा या दोहोंपैकी कुणीच नव्हता. त्यांची नक्कल आली. तैवानच्या यूएमसी कंपनीने मूळ चिपांबरहुकूम ६५२७ आणि ६५३८ या चिपा काढल्या, आणि त्यांच्याभोवती अनेकांनी अनेक नावांनी यंत्रे बांधली. पुढे ही सगळी यंत्रणा एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली गेली. तो ठिपका बिघडला की दुरुस्तीचा विषयच संपला. आमचे यंत्र त्याआधीच्या पिढीचे, चिपा सुट्या दिसणारे, म्हणून हा लेख शक्य झाला.

मूळ फॅमिकॉमचे दोन्ही रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले असत, आणि दुसऱ्या रिमोटवर 'स्टार्ट' व 'सिलेक्ट' ही बटणे नसत. त्यांच्या जागी एक लहानसा मायक्रोफोन असे. आमच्या नकलेत रिमोट काढता येत होते, नऊ पिनांच्या पोर्टांत खोचायचे. मायक्रोफोन गळला होता, पण बटणांचा अभाव मात्र निष्ठेने राखला होता. नकलाकार सोयीचे गाळतो आणि गैरसोयीचे जपतो. हस्तलिखितांच्या जगातही हा अनुभव नवा नाही. या अभावाचे आमच्या घरातले परिणाम दूरगामी होते. पहिला रिमोट ताईचा, दुसरा आमचा. खेळ सुरू करणे, थांबवणे आणि 'जेवायला बोलावलंय' हे कारण पुढे करून नेमक्या क्षणी गोठवणे, हे सर्व अधिकार एका बाजूस होते. १९८३ साली क्योतोत घेतलेला एक निर्णय साताऱ्यातल्या धाकट्या भावंडाच्या वाट्याला असा आला.

आता बिघाडाकडे वळू. पहिला पोर्ट ठणठणीत होता. दुसऱ्यात रिमोट खोचला तर दिशांची बटणे मूक, 'बी' मूक. 'ए' दाबले की मात्र गोळी सुटे आणि टँक आपल्या मनाने चालू लागे. (खेळ 'बॅटल सिटी', नामको, १९८५, आमच्याकडे त्याचे नाव 'टँक' एवढेच.) पहिल्या नजरेला हे भूतबाधेचे लक्षण वाटेल. पण या यंत्राची बोलण्याची रीत एकदा कळली की हेच लक्षण इतके बोलके होते, की यंत्र उघडण्यापूर्वीच निदान जवळपास हाती येते.

रिमोटवर बटणे आठ असू शकतात, पण वायरीत कामाच्या तारा पाचच. एक विजेची, एक ग्राउंडची आणि तीन संभाषणाच्या. आठ बटणांना आठ तारा न देता पाचांत भागवण्याची युक्ती अशी : रिमोटच्या पोटात ४०२१ नावाची एक साधी चिप, अथवा तिची नक्कल, असते. यंत्र पहिल्या तारेवरून हुकूम सोडते, 'या क्षणी कोणकोणती बटणे दाबलेली आहेत ते टिपून घ्या.' चिप आठही बटणांची स्थिती एकदम टिपते. मग यंत्र दुसऱ्या तारेवरून ठोके देत जाते; प्रत्येक ठोक्याला चिप एक पाऊल पुढे सरकते आणि तिसऱ्या तारेवर पुढचे उत्तर ठेवते. उत्तरांचा क्रम कायमचा ठरलेला : ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावे, उजवे. उत्तरात बटणाचे नाव नसते. कितवे उत्तर आहे यावरूनच ते कोणाचे हे यंत्राला कळते. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत पडद्यावर सेकंदाला पन्नास चित्रे उमटतात आणि बहुतेक खेळ प्रत्येक चित्रामागे एकदा ही प्रश्नावली उरकतात. शाळेतली हजेरीही अशीच. फरक इतकाच, की इथे मास्तर नाव घेत नाहीत, फक्त टेबलावर पट्टी आपटतात आणि मुलांनी आपापल्या क्रमाने 'हजर' म्हणायचे.

ही रीत ध्यानात घेतली की लक्षणे वाचता येतात. एकच बटण मेले असेल तर पोर्टाकडे पाहायचेही कारण नाही. पोर्टला सुटे बटण माहीतच नसते. दोष रिमोटच्या रबरी गादीत किंवा तिच्याखालच्या कार्बनच्या ठिपक्यात. सगळीच बटणे मेली असतील तर उत्तराची तार तुटली असेल किंवा वीज पोचत नसेल. काहीही न दाबता सगळीच दाबल्यासारखी वाटत असतील तर उत्तराची तार ग्राउंडला टेकली आहे, कारण या पद्धतीत दाबलेले बटण म्हणजे शून्य व्होल्ट. आणि फक्त 'ए' बोलत असेल, तेही सर्वांच्या वतीने, तर ठोक्याची तार तुटली आहे. मास्तर पट्टी आपटतात, पण आवाज वर्गापर्यंत जात नाही. पहिलाच मुलगा उभा राहिलेला, आणि आठही वेळा मास्तरांना त्याचाच चेहरा दिसतो. त्याने 'हजर' म्हटले की सगळा वर्ग हजर!

निदान असे सुचणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. त्यासाठी अदलाबदल करावी लागते. दुसऱ्या पोर्टातला रिमोट पहिल्यात लावला : उत्तम चालला. पहिल्याचा दुसऱ्यात लावला : तोच आजार. म्हणजे रिमोट निर्दोष. पुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे. टिपून घेण्याचा हुकूम, वीज आणि ग्राउंड या तारा दोन्ही पोर्टांना एकाच उगमातून जातात. त्या उगमाशीच बिघडल्या असत्या तर दोन्ही पोर्ट आजारी पडले असते. ठोक्याची आणि उत्तराची तार मात्र प्रत्येक पोर्टची स्वतंत्र असते. 'ए'चे उत्तर येते आहे, त्याअर्थी उत्तराची तार शाबूत. उरली ठोक्याची.

दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी आढळली तर ती त्यांच्या समान पूर्वज पोथीतून आलेली असण्याचा संभव मोठा. एकाच पोथीत आढळली तर तिच्या लेखकाकडे बोट जाते. एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमानच्या नावाशी जोडली गेलेली ही पद्धत विद्यार्थ्यांना नेहमी कोरडी वाटते. यंदा आम्ही वर्गात फळ्यावर दोन पोर्ट काढले आणि पाच तारा काढल्या. वंशवृक्ष समजावून सांगण्यास इतका थोडा वेळ आम्हांला यापूर्वी कधी लागला नव्हता.

पुण्यातल्या माणसाला या संदर्भात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे वळल्यावाचून राहवत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ साली सिद्ध झाले. १९४३ साली ते गेले. त्यांच्या पद्धतीतली दोन सूत्रे आम्हांला मोठी वाटतात. एक, हाती आलेल्या पाठाचा अर्थ लागतो का हे आधी पाहावे, संपादकाने आपल्या बुद्धीने शब्द बदलणे हा शेवटचा उपाय. दुसरे, जे श्लोक मूळ संहितेत बसत नाहीत ते फेकायचे नाहीत. तारकाचिन्ह देऊन पानाच्या तळाशी, अथवा मोठे असल्यास परिशिष्टात, जपायचे. संहितेबाहेर काढलेला मजकूरही आवृत्तीच्या आतच राहतो. या दुसऱ्या सूत्राची गरज आम्हांला लवकरच पडणार होती.

झाकणाचे सहा स्क्रू काढले. आत धुळीचा थर, एका कोपऱ्यात झुरळाची जुनी अंडकोषे, बाकी सारे स्वच्छ. दुसऱ्या पोर्टचे दोन्ही धातूचे कान, ज्यांनी तो पीसीबीला घट्ट धरायचा, ते ड्राय सोल्डर झाले होते. पोर्ट बोटाने हलवला की खुळखुळत होता. रिमोट ओढून ओढून खेळल्याची ही खूण. ठोक्याच्या पिनेखालची तांब्याची पट्टी पीसीबीवरून उखडून तुटली होती. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे.

अपेक्षेत नव्हती ती तार. त्याच पिनेपासून निघून ६५२७ चिपेच्या एका पायापर्यंत गेलेली, लाल, एकेरी तांब्याची. कारखान्याने ती घातलेली नव्हती, हे सोल्डरच्या टपोऱ्या थेंबांवरून उघड होते. तिचे पोर्टाकडचे टोक तुटून वर आले होते. सध्याचा बिघाड तो. म्हणजे हा पोर्ट पूर्वी एकदा मेला होता, कुणीतरी तुटलेल्या पट्टीला वळसा घालून तो जगवला होता, आणि आता तो वळसाच तुटला होता.

तारेची जात आम्हांला ओळखता आली. ती टेलिफोन केंद्रातली जम्पर वायर होती : लाल आणि पांढऱ्या तारेची पिळलेली जोडी असते, तिच्यातली लाल उलगडून घेतलेली. केंद्रात एक मोठी लोखंडी चौकट असते. तिच्या एका अंगाला गावातून आलेल्या केबली, दुसऱ्या अंगाला केंद्राची यंत्रणा. कुणाचा फोन कुठल्या क्रमांकाला जोडायचा ते या जम्परांनी ठरते. आमचे वडील त्या चौकटीशी उभे राहून निवृत्त झाले. तोवर दूरसंचार खात्याचे बीएसएनएल होऊन गेले होते. शिवाय ही तार मधल्या एका ठिकाणी मेणदोऱ्याने बांधली होती. जुन्या केंद्रांत केबलीचे जुडगे ज्या गाठीने बांधीत ती गाठ. घरातल्या रद्दीच्या गठ्ठ्यांना, पापडाच्या डब्याच्या सुटलेल्या कडीला आणि गणपतीच्या मखराला आम्ही तीच गाठ पाहत आलो आहोत.

१९९५ च्या सुट्टीत हा पोर्ट बंद पडला होता, हे आम्हांला आठवत होते. तो 'दुकानात देऊन आणला', हेही आठवत होते, कारण वडिलांनीच तसे सांगितले होते. वडिलांचे या खेळाविषयीचे मत घरात सर्वश्रुत होते. डोळे जातात, अभ्यास जातो, टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते. खेळ घरात आला तो मामाने आणला म्हणून. वडिलांनी त्याला कधी हात लावल्याचे कुणी पाहिले नव्हते.

आईला विचारले. ती पलंगावर बसून चष्म्याच्या डबीत औषधांच्या गोळ्या मोजून ठेवीत होती.

"दुकानदाराने परत केला होता तो," आई म्हणाली. "म्हणाला, नवीनच घ्या. मग दोन रात्री बसले होते स्वयंपाकघरात. दिवा बारीक करून."

"आम्हांला कधी बोलले नाहीत."

"काय बोलणार? दिवसा तुम्हांला बंद कर म्हणायचं आणि रात्री तोच उघडून बसायचं!" मग थोडे थांबून, "ताई तुला खेळायला घेईना ना. एकट्याचाच चालतो म्हणायची. तू जिन्यात बसून राहायचास."

त्यांच्यापाशी नकाशा नव्हता. तरी चिपेच्या चाळीस पायांतून नेमका पाय त्यांनी कसा काढला, हे पीसीबी पाहिल्यावर कळते. पहिल्या पोर्टाची ठोक्याची पट्टी अखंड होती. ती ज्या पायाशी जाते त्याच्या शेजारच्याच पायापासून दुसरी निघते. शाबूत प्रतीवरून खंडित प्रत वाचली.

'वडील वरून कडक, आतून मऊ' असे वाक्य इथे हाताशी येते, आणि ते आम्ही लिहिणार नाही. मराठी ललित निबंधाने या वाक्यावर पुष्कळ वर्षे गुजराण केली आहे. वडिलांना तो खेळ मनापासून आवडत नव्हता, याचाही पुरावा भरपूर आहे; परीक्षेच्या महिन्यात अ‍ॅडॅप्टर कपाटात कुलूपबंद होत असे, आणि ते काही नाटक नव्हते. दोन्ही पाठ समान विश्वसनीय आहेत. एकाला मूळ आणि दुसऱ्याला प्रक्षिप्त ठरवण्याइतका आधार आमच्यापाशी नाही.

प्रश्न होता तो तारेचे काय करायचे याचा. जाणत्यांचा सल्ला स्पष्ट असतो. एकेरी तांबे हालचालीत कडक होऊन तुटते. तिच्या जागी अनेक पातळ तंतूंची लवचीक तार घालावी आणि पोर्टही नवा बसवावा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत नऊ पिनांचा कनेक्टर सहज मिळतो. जुन्या संगणकांच्या सिरियल पोर्टला तोच आकार लागे. आम्ही तो आणलाही. तंतूंची तारही आणली. मग दोन दिवस दोन्ही वस्तू टेबलावर तशाच होत्या.

ताईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तार काढू नकोस. खेळ चालला नाही तरी चालेल." आम्हांला हे पटले नाही. वडिलांनी ती तार स्मारक म्हणून घातली नव्हती, पोर्ट चालावा म्हणून घातली होती. चालत नसलेल्या पोर्टात ती जपून ठेवणे म्हणजे तिचा अर्थच काढून घेणे. तार काढून टाकली तर त्यांचा हात पुसला जातो, आणि राखली तर त्यांचे काम अपुरे राहते, अशी ही अडचण. निन्तेंदोने स्वतः जपानात २००७ साली फॅमिकॉमची दुरुस्ती सुटे भाग मिळत नाहीत म्हणून थांबवली. तिथे निर्णय परिस्थितीनेच केला. आमच्याकडे सुटे भाग टेबलावर होते.

उत्तर तारेतच होते, आणि तेही चौकटीच्या शिस्तीतून आलेले. जम्पर टाकताना तो ताणून टाकायचा नसतो. पुढे कधी टोक तोडून पुन्हा जोडावे लागले तर पुरावा म्हणून थोडा ढिला सोडायचा असतो. मेणदोऱ्याच्या गाठीपाशी लाल तारेचा एक लहान वळसा होता. तो आम्ही आधी शोभेचा समजून पाहिला. मोजला तर सहज चार सेंटिमीटर. तुटलेले टोक कापून, नवे टोक सोलून, पिनेपर्यंत न्यायला अर्धा सेंटिमीटर पुरणार होता.

मग क्रम ठरला. तार तुटली ती पोर्ट हलत होता म्हणून, तेव्हा आधी पोर्ट अचल करणे अगत्याचे. कानांवरचे जुने सोल्डर सकरने ओढून काढले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसली आणि जाड टोकाची सोल्डरिंग गन घेऊन नवे सोल्डर भरले. कानांचा धातू उष्णता पिऊन टाकतो. बारीक टोकाने केलेला जोड वरून चकचकीत आणि आतून सुटा राहतो. पोर्ट जुनाच ठेवला, कारण त्याच्या नऊही पिना सरळ होत्या आणि नव्यासाठी वडिलांचा जोड उपसावा लागला असता. शेवटी तारेचे टोक पिनेला जोडले. चिपेकडचा थेंब तसाच आहे. कंटिन्युइटी लावली तर मीटर लगेच वाजला.

रिमोट खोचला. वर, खाली, डावे, उजवे, ए, बी : आपापल्या क्रमाने सगळे बोलले. पुण्याच्या घरातल्या सपाट टीव्हीवर चित्र थोडे विटके दिसते, आणि बंदुकीने बदके मारण्याचा खेळ तिथे चालतच नाही, कारण ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबचा प्रकाश पाहूनच नेम ठरवते. पहिल्या रिमोटचे 'बी' आता जरा जोर लावल्याशिवाय लागत नाही. त्याची रबरी गादी झिजली आहे. ते काम बाकी आहे. ताई दिवाळीत येणार आहे. आणलेला नवा कनेक्टर आणि तंतूंची तार एका पाकिटात घालून ते पाकीट आम्ही खोक्यात, यंत्राच्या खाली, ठेवले आहे.